बूट पायाला बसले

९ जानेवारी

बारक्या,

बूट पोचले आणि पायाला बसले. एवढंच कळवायचं होतं, पण कागद हातात घेतलाच आहे तर चार ओळी जास्त लिहिते.

खोक्यात चिठ्ठी नव्हती. नसू दे. "त्या माणसाला सोडशील तेव्हा फोन कर, तोवर मला आई नाही," असं म्हणून तू फोन ठेवलास, त्यानंतर तुझ्या पत्त्यावरून आलेली ही पहिलीच वस्तू. लाँड्रीत सगळ्यांसमोर खोकं उघडलं. निळे बूट, पळायचे. बुटकी म्हणाली, लेकाचा राग गेला म्हणायचा. बुटकी म्हणजे माझी जोडीदारीण. हॉस्पिटलच्या मोठ्या चादरींची घडी एकटीला घालता येत नाही, दोघींनी दोन टोकं धरून एकमेकींकडे चालत यायचं असतं, त्यामुळे दिवसभर मी तिचंच तोंड बघते. मी म्हटलं, राग कसला जातोय, बुटात भरून पाठवलाय.

तू म्हणतोस मी कधी पळालेच नाही. पळाले होते. तुला कोण सांगणार? मागच्या वर्षी हे आंघोळीला गेले असताना मी दार ओढून घेतलं आणि बस स्टँडकडे सुटले. शाळेत असताना तू ते अंतर एका दमात कापायचास. मी पाण्याच्या टाकीपाशी पोचले आणि छातीत असा गोळा आला की उभीच राहिले. मागून वेणी यांच्या हातात आली. वेणीला धरून रस्त्याच्या मधून मला घरी आणलं. टाचा सोलवटल्या. इस्त्रीवाल्यानं मान वर केली नाही. चौकीतल्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी चहा पाजला आणि घरचं घरात मिटवा म्हणाले. घरात जे मिटवलं गेलं त्यात माझा उजवा कान गेला. फोन आता डाव्या कानाला लावते.

तेव्हा बूट का पाठवलेस ते मला बरोबर कळलं. यांना मी सांगितलं, रक्तात साखर निघाली, डॉक्टर रोज पळा म्हणालेत. हे म्हणाले, "कुठे पळून जायचंय तुला?" आणि खूप हसले. हसून झाल्यावर एक ठेवून दिली, आगाऊ.

आई

२४ जानेवारी

बारक्या,

पळणं हे काही माणसाचं काम नाही रे. ज्यांना कुत्रं मागे लागलंय त्यांनी पळावं. बुटकीनं कुठूनसं ऐकून आणलं की नवशिक्यानं एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं आणि पुढे तिसऱ्यापर्यंत चालायचं. पहिल्या दिवशी दुसरा खांब आलाच नाही. पोट एकीकडे, मी दुसरीकडे, आणि श्वासाचा असा आवाज की आमचा जुना बॉयलर बरा. दूधवाला सायकलवरून म्हणाला, मावशी, कुणी मागे लागलंय का?

लागलं होतंच. हे स्कूटरवरून मागे येतात. मला एकटीला कुठे सोडत नाहीत हे तुला ठाऊक आहेच. लाँड्रीच्या फाटकावर तुझा काका दारवान आहे, मी आत गेले की तो यांना फोन करतो, बाहेर पडले की करतो. आता पळण्यालाही पहारा. आपल्या टायरच्या दुकानातून यांनी ट्यूबची लांब पट्टी कापून आणलीये. मी चालायला लागले की स्कूटर जवळ येते आणि पट्टी पोटरीवर बसते. "चालायचं नाही!" म्हणून ओरडतात. लोक बघतात, कुणाकुणाला हसू येतं. नवरा बायकोची तब्येत सुधारतोय असं वाटत असेल.

पहाटे उठवत नाही, खरं सांगते. अंग म्हणतं, पड जरा, कुठे आग लागलीये. पोटऱ्या सुजलेल्या असतात, वळ टेकले तरी दुखतात. मग मी कॉटखाली हात घालून बूट चाचपते. माझ्या लेकानं पाठवलेत, असं मनात म्हणते आणि उठते. दुसरी काही युक्ती नाही माझ्याकडे.

आई

१९ फेब्रुवारी

बारक्या,

ऐक, तुझी आई शर्यतीत पळणार आहे. हसून घे.

हॉस्पिटलचा वर्धापनदिन एप्रिलमध्ये आहे, त्या दिवशी दौड ठेवलीये. फाटकापासून तळ्याला वळसा घालून परत फाटकापर्यंत. प्रत्येक विभागातून एक जण हवाच, असा वरून हुकूम. लाँड्रीतून कोणी तयार होईना. तेवढ्यात बुटकीनं नोटीस बोर्डावरचा रस्त्याचा नकाशा नीट बघितला आणि येऊन माझा हात धरून वर केला. मी तिच्याकडे बघितलं, तिनं डोळे मिचकावले. तेव्हापासून माझं नाव लागलंय. तिनं नकाशात काय बघितलं ते इथे लिहीत नाही.

मला वाटलं हे जीव घेतील. झालं भलतंच. दुकानात कुणीतरी म्हणालं, वा, वहिनी शर्यतीत? आणि तुझ्या बाबांची छाती फुगली. आता ते माझे गुरुजी झालेत. सकाळी स्वतः उठवतात. दोन अंडी उकडून ठेवतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी गॅस पेटवला, आणि मला रडू आलं याचीच मला शिसारी आली. पट्टी मात्र सुटलेली नाही, उलट वाढलीये. त्यांचं म्हणणं, मी वळणावर ढिली पडते, सरळ रस्त्यावर ठीक असते. म्हणून ते पुढे जाऊन वळणावर स्कूटर लावून उभे राहतात आणि मी आले की पट्टी चालवतात. रात्री मोहरीचं तेल कोमट करून त्याच पोटऱ्या चोळून देतात, चोळताना कुठे ढिली पडले ते समजावून सांगतात.

आणि सांगायला लाज वाटते, पण जमायला लागलंय. काल पाण्याची टाकी आली आणि मागे गेली. मी थांबले नाही. जिथे यांनी माझी वेणी धरली होती, त्या जागेवरून बूट टपटप पुढे गेले. घरी येऊन मोरीत उभी राहून मी एकटीच हसत होते. हे बाहेरून ओरडले, काय झालं? म्हटलं, उचकी लागली.

आई

१४ मार्च

बारक्या,

बरेच दिवस लिहिलं नाही. बरगडीला लागलं होतं. पळताना नाही.

केस कापले मी. चादरी फाडायच्या कात्रीनं, लाँड्रीतच, मानेपासून. बुटकीनं कापले, ती आधी रडली आणि मग म्हणाली, मागून अगदी पोस्टमन दिसतेस. का कापले याचं कारण यांना दिलं की घाम फार येतो. तुला खरं कारण कळेल, तू हुशार आहेस. यांना पटलं नाही. बाईचा केस म्हणजे काय आणि तो कुणाला विचारून कापायचा असतो, हे त्यांनी मला फरशीवर पाडून सांगितलं, आधी हातानं आणि मग बूट घातलेल्या पायानं. वरचा एक दात मी गिळला. तो परत मिळाला नाही, बघायचीही इच्छा नव्हती. एवढं करून दुसऱ्या दिवशी हेच काळजीत, की आता दौडीचं कसं होणार, दुकानात काय तोंड दाखवू. डॉक्टरांना म्हणाले, जिन्यावरून पडली. डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलचे. त्यांच्या कोटावरचे डाग मी काढते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जिना असं लिहिलं.

तेव्हा सोडून द्यायचं ठरवलं होतं. श्वास घेतला तरी आत सुरी फिरायची, पळायचं कसलं? बूट खोक्यात घालून बुटकीच्या हवाली केले, म्हटलं तुझ्या पायात बसतात का बघ. तिनं ते माझ्या मशिनीपाशी आणून ठेवले, रोज ठेवायची. वाळत घातलेल्या चादरींच्या दोन रांगांमधून ती मला चालवायची. मग भरभर. मग मी तिला म्हटलं, टोक धर आणि ओढ, मी मागून येते. काकाला फाटकावरून आतलं दिसत नाही.

आणखी एक. सूनबाईचा फोन आला होता लाँड्रीच्या ऑफिसात. गोड बोलली. बूट बसले का विचारलं. मग म्हणाली, आई, तुम्हाला माहीत असेल, उशीच्या अभ्र्यावरचं रक्त कशानं जातं? मी म्हटलं, थंड पाणी आणि मीठ, गरम पाणी अजिबात नको, गरमानं डाग कायमचा बसतो. कसलं रक्त म्हटलं तर म्हणाली, अंधारात कपाळाला दार लागलं. बराच वेळ बोललो. बाकी काय बोललो ते राहू दे. दाराला तेल घाल, बारक्या.

आई

१८ एप्रिल

बारक्या,

उद्या दौड. 

आज संध्याकाळी यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. तळ्याचा वळसा संपला की रस्ता स्टेशनच्या लोखंडी पुलापाशी येतो आणि तिथून डावीकडे हॉस्पिटलकडे वळतो. तेच शेवटचं वळण. "तिथे तू मरणार," असं म्हणाले. म्हणजे दमणार. म्हणून शेवटच्या फाटकावर न थांबता ते त्या वळणावर उभे राहणार आहेत, पट्टी घेऊन. लोकांसमोर मारणार नाही, नुसती दाखवीन, म्हणाले.

मी मान हलवली आणि आत जाऊन भांडी घासायला लागले. हातातून ताट दोनदा पडलं. बुटकीनं नकाशात बघितलं होतं ते हेच वळण रे. डावीकडे हॉस्पिटल, सरळ पुलाचा जिना, पुलापलीकडे फलाट. ती सकाळी पिशवी आणि तिकीट घेऊन फलाटावर थांबणार. आम्हाला वाटत होतं, हे फाटकावर हार घेऊन उभे असतील, सगळे पोचतील, मी पोचणार नाही, आणि यांना कळेपर्यंत गाडी सुटलेली असेल. आता ते नेमके त्याच जागेवर. त्यांनीच मला घडवलं ना, माझी खोड त्यांना माहीत.

पण स्कूटर जिना चढत नाही. आणि त्या माणसाला मी दुकानापासून चौकापर्यंतसुद्धा चालत गेलेलं बघितलं नाही. मी मात्र पळतेय. उद्या पाय गळले तर परत फरशी आहे, आणि यावेळी मी उठेन असं मला वाटत नाही.

हे पत्र आत्ताच शेजारणीच्या हाती देते. ती सकाळी पेटीत टाकेल.

आई

३० एप्रिल

बारक्या,

हे पत्र टपालानं आलेलं नाही. तुझ्याच जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली आहे. बसून वाच. घरात हाका मारू नकोस, कोणी नाही.

आधी दौडीचं सांगते. मी शेवटून पहिली होते. स्वयंपाकघरवाले, एक्स-रेवाले, दोन म्हातारे डॉक्टर, सगळे केव्हाच पुढे गेलेले. तळं संपलं तेव्हा रस्त्यावर मी एकटी. वळणावर झेंडा धरलेली नर्स आणि तिच्यामागे स्कूटरवर तुझा बाप, पट्टी मनगटाला गुंडाळलेली. मला बघून तो उभा राहिला. आणि म्हणाला, "शाब्बास." एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. पाय अडखळला माझा, खोटं कशाला बोलू. पुढच्या पावलाला मी सरळ गेले.

नर्स ओरडली, अहो लाँड्री, इकडे! तुझ्या बापाला कळायला थोडा वेळ लागला. मग स्कूटर चालू झाली, पुलाच्या पायथ्याशी आदळल्याचा आवाज आला आणि त्याचे पाय जिन्यावर वाजायला लागले. मी वर चढत होते आणि तो मागून, शिव्या देत, मग शिव्या थांबल्या आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला, माझा जानेवारीत होता तसा. पार वर पोचताना त्याचा हात मानेवर आला. बोटं चाचपली मानेवरून, डोक्यावरून. वेणी शोधत होती. वेणी नव्हती. मग त्यानं पाठीवरचा नंबराचा कागद धरला, तो टाचण्यांसकट फाटून त्याच्या हातात आला आणि तो मागे गेला.

पडताना आवाज करत नाही माणूस, पायऱ्याच करतात. मधल्या टप्प्याच्या कठड्यापाशी तो थांबला. पाय भलत्याच बाजूला वळलेला, तोंडातून रक्त. "थांब," म्हणाला. "हात दे." मी खाली उतरले, बारक्या. तुला राग येईल, पण उतरले. जन्माची सवय. वाकले तेवढ्यात त्यानं माझा घोटा धरला, आणि त्या पकडीत मदत मागणं नव्हतं. मी दुसरा पाय उचलला आणि त्या हातावर आणला, सगळ्या वजनानिशी. एकदा त्यानं सोडलं नाही. दुसऱ्यांदा बोटं मोडल्याचा आवाज आला. मी त्याच्या तोंडाजवळ जाऊन म्हटलं, "चालायचं नाही. उठा आणि पळा." आणि वळून पळत सुटले. मला वाईट वाटलं नाही. फलाटावर पोचेपर्यंत मी वाईट वाटायची वाट बघत होते.

तो जिवंत आहे. आमच्याच हॉस्पिटलात आहे. बुटकी फोनवर म्हणते, त्याच्या रक्ताच्या चादरी ती मुद्दाम गरम पाण्यात टाकते.

आता बुटांचं.

ते तू पाठवले नव्हतेस. मार्चमध्ये फोनवर सूनबाईनं सांगितलं, आणि मला कळलंय हे मी तुझ्यापासून आजवर लपवलं. ते तिचे बूट होते. स्वतःला घेतलेले, सकाळी पळायला जायचं म्हणून. तू ते खोकं बघितलंस आणि विचारलंस, कुठे पळून जायचंय तुला? मी तिला म्हटलं, पोरी, काय म्हणाला ते पुन्हा सांग, माझा एकच कान चालतो. तिनं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तसंच आधी हसणं, तशीच मग थप्पड. ते वाक्य तू कुठे ऐकलंस ते मला विचारू नकोस. माझं तोंड फुटायचं तेव्हा तू टेबलाखाली कानांवर हात ठेवून बसायचास. कान नीट झाकले गेले नाहीत वाटतं.

तू तिला सांगायचास, माझी आई भित्री, कधी पळाली नाही. म्हणून तिनं बूट मला पाठवले, तिच्या नाही तर माझ्या तरी कामी येतील. आणि मी वेडी पहाटे कॉटखाली हात घालून म्हणायचे, माझ्या लेकानं पाठवलेत. फोन ठेवल्यावर मला वाटलं आता पाय उचलणारच नाहीत. मग आठवलं, अभ्रा. मी सुटले नाही तर तिला कोण सोडवणार? बरगडी तशीच घेऊन दुसऱ्या दिवशी चादरींमधून पळाले. तुझ्यासाठी पळत होते तेव्हा मी कण्हत पळायचे. त्या दिवसापासून दात आवळून पळाले, जेवढे उरलेत तेवढे.

मी तुझ्यावर जीव टाकला आणि अजून टाकते, त्याला काही इलाज नाही. पण काल दुपारी तू कामावर असताना मी तुझ्या दाराची बेल वाजवली आणि तुझ्या बायकोनं दार उघडलं. दार चांगलं आहे रे तुझं. आवाजसुद्धा करत नाही, कपाळाला कसलं लागतंय. तिच्या भुवईवरची खपली बघितली आणि मला तुझ्या बापाच्या हातावर पाय ठेवताना जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. तुझी लाज वाटली. माझ्या पत्रांचा गठ्ठा तिच्या कपाटात होता. तू एकही फोडलं नव्हतंस, तिनं सगळी वाचली होती. काल तिनं सामान बांधलं, आज तू गेल्यावर मी परत आले, आता दोघी निघतोय.

आमच्या मागे येऊ नकोस. आलास तर मी थांबेन, वळेन. तुझी बोटं मला ओळखीची आहेत, जन्मलास तेव्हा एकेक करून मीच मोजली होती. ती मोडताना माझा हात कापेल, पण मोडीन.

बूट मी थंड पाण्यानं धुतले, मीठ लावून. बापाचं रक्त निघालं. तिच्या पायाला ते माझ्यापेक्षा छान बसले. मघाशी ती उंबऱ्यावर बसून म्हणाली, आई, यांनी फोन करून विचारलं की कुठे पळून जातेस, तर काय सांगू?

मी म्हटलं, काही सांगू नकोस. नाड्या घट्ट बांध.

आई